मोबाईल बघत चालवणाऱ्यानी काकांना उडवलं, पोलीस गुन्हाच घेत नाहीत

गिरणाकाठ:
मागच्या आठवड्यात अंधार पडता पडता काका शेतातून मोटरसायकलवर घरी येत होते, रस्त्याच्या एकदम कडेनी, तरी मागून पिकअपवाल्यानी धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, जळगावला ऑपरेशन करून रॉड टाकला. ड्रायव्हरच्या हातात मोबाईल होता, मागून येणाऱ्या दोन पोरांनी बघितला, गाडी थांबली तरी व्हिडिओ चालूच होता म्हणे. पोलीस स्टेशनला गेलो (नाव लिहीत नाही) तर म्हणे माणूस वाचला ना, मग खर्चपाणी घ्या आणि मिटवा. डायरीत दोन ओळी लिहिल्या, बस. आम्ही बाहेर पडतोय तर त्यांचीच जीप आत आली, चालवणाऱ्याचा एक हात स्टेअरिंगवर आणि दुसऱ्यात फोन, कानाला लावलेला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही भो. कपाशी वेचायची राहिली, काका खाटेवर. यांना विचारणारं कोणी आहे का?

धुळेकर_७७:
भाऊ मिटवू नका. आधी वाटेतल्या पेट्रोलपंपाचं, ढाब्याचं सीसीटीव्ही बघा, काही दिवसांनी त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं आणि जुनं जातं. गुन्हा घेत नसतील तर तीच हकिकत लिहून रजिस्टर पोस्टानी एसपी साहेबांना पाठवा, बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 173 मध्ये तशी सोय आहे, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. पोचपावती जपून ठेवा. अर्जात त्या दोन पोरांची नावं टाका आणि ड्रायव्हरचा सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडची कॉलची नोंद, मागवा असं स्पष्ट लिहा. व्हॉट्सअॅप कॉल त्यात कॉल म्हणून दिसत नाही, पण त्या वेळी नेट चालू होतं का ते कळू शकतं. आणि नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून 6 महिन्यांच्या आत टाका, हे फार लोक विसरतात.

एसटीवाला_भुसावळ:
31 वर्षं एसटी चालवली, म्हणून सांगतो. 60 च्या स्पीडला 3 सेकंद खाली बघितलं की गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते, तेवढ्यात बैलगाडी, पोरगं, काहीही येतं समोर. कानाला हेडफोन लावला म्हणजे झालं असंही नाही, डोळे रस्त्यावर असतात पण मन फोनमधल्या माणसाकडे, शेजारून गाडी गेली तरी कळत नाही. आमच्या रावेर यावल साईडला रात्री केळीचे ट्रक लाईनीत चालतात, त्यात एक जरी फोनवर असला तर मागच्याचं काही खरं नाही. तुमच्या काकांना लवकर आराम पडो.

तापीची_लेक:
जीपचं विचारलं ना दादा, तर मोटार वाहन कायद्यात 2019 साली 210ब कलम टाकलं. कायदा राबवायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. हातात फोन धरून चालवणं कलम 184 मध्ये येतं, पहिल्या वेळी 1000 ते 5000 दंड, कैदही होऊ शकते, आणि हे खाकीवाल्यालाही लागू आहे. पण पावती फाडणार कोण, त्याच्या शेजारी बसणारेच ना! म्हणून जीपचा नंबर, वेळ, तारीख लिहून वेगळा अर्ज द्या, काकांच्या तक्रारीत मिसळू नका, नाहीतर ते म्हणतील राग काढताय. 30 दिवस गेले की माहिती अधिकारात विचारायचं त्या अर्जावर काय केलं.

गिरणाकाठ:
ताई, जीपचा नंबर माझ्या लक्षात आहे. ती पोरं सही करायला तयार झाली, एकाचे वडील नको म्हणत होते, काल मी स्वतः घरी जाऊन बोललो. पंपवाला म्हणतो फुटेज आहे पण पोलिसांचं पत्र आणा.

धुळेकर_७७:
पत्राची वाट बघू नका, आजच लेखी अर्ज देऊन फुटेज पुसू नका म्हणा, एक प्रत पंपवाल्याला, एक पोलीस स्टेशनला, दोन्हींवर शिक्का घ्या.