मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलाचं बोलताना अडखळणं, लिडकम पद्धत मराठीतून कुणी केली आहे का?

मुलगा साडेचार वर्षांचा. वर्षाहून जास्त काळ अडखळतोय. आधी 'म म म मला' असं व्हायचं, आता शब्द घशातच अडतो, डोळे घट्ट मिटतात. मामाही अडखळतो, त्यामुळे 'आपोआप जाईल' म्हणून थांबायची माझी तयारी नाही. श्रवण तपासणी ठीक आहे, बाकी वाढही वयानुसार.

त्याचं वाक्य मध्येच पूर्ण करणं आम्ही बंद केलंय, स्वतःही सावकाश बोलतो. घर शांत झालं, पण अडखळणं तेवढंच. (वेखंड, मध, जिभेचा धागा कापणं कृपया सुचवू नका.)

स्पीच थेरपिस्टनी सिडनीत विकसित झालेली लिडकम पद्धत सुचवली आहे: रोज घरी आईवडिलांनी न अडखळता आलेल्या बोलण्याला दाद द्यायची, अडखळणं किती तीव्र होतं याला रोज आकडा द्यायचा आणि आठवड्याला थेरपिस्टला भेटायचं. आम्ही लातूरला. मुंबईतल्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत एकदा दाखवायला नेऊ शकतो, दर आठवड्याला जाणं शक्य नाही.

ही पद्धत मराठीतून, व्हिडिओ कॉलवर कुणी केली आहे का? दाद देताना नेमके कोणते शब्द वापरलेत, आणि मूल त्याने संकोचलं तर काय केलंत?