मदत हवी आहे: अरवलीचा दगड कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते. लेकीचा भूगोलाचा प्रकल्प अरवलीवर आहे. तुलनेसाठी पारसिकच्या डोंगराचा काळा बेसॉल्ट आणलाय, त्याच्या भोकांत पांढरे खडे चमकतात. तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा. अरवली शंभर कोटींहून जुनी. झिजून झिजून दिल्लीजवळ नुसती टेकाडं उरलीत. तिथला क्वार्टझाइट (वाळूच्या खडकापासून बनलेला दगड) टणक, म्हणून तेवढा तगला. त्याचा मुठीएवढा तुकडा मिळेल का? फरशीवाल्याने राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर हातावर ठेवला. तोही तिकडचाच म्हणा, पण क्वार्टझाइट नव्हे!

शिवाय लेक विचारते, एवढी झिजूनही अरवलीचं सगळ्यात उंच गुरुशिखर १७२२ मीटर आणि आपलं कळसूबाई १६४६, असं कसं? मला उत्तर देता येईना. रविवारपर्यंत कुणी समजावून सांगेल का?