अंतराळाचे नियम नेमक्या कुठल्या खान्यात टाकायचे?

प्रश्न:
अंतराळात मालकी कुणाची, यावरच्या सगळ्या करारांचा एक तक्ता बनवतोय. १९६७ चा बाह्य अंतराळ करार म्हणतो कुठल्याच देशाने चंद्रावर मालकी सांगायची नाही, १९७९ चा चंद्र करार त्याला मानवजातीचा सामायिक वारसा म्हणतो. मग दोन्ही एकाच खान्यात टाकले तर चालेल ना?

उत्तर १:
नाही हो, तिथेच घोळ होतो. ६७ वाला म्हणजे भर समुद्रासारखा, पाणी कुणाचंच नाही पण जाळ्यात आलेला मासा तुमचा, निदान अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात तसंच धरलंय, खणून काढलेलं खनिज कंपनीचं. वारसा म्हटलं की फायद्यात सगळ्यांचा वाटा आला, म्हणून तर तो करार मोजक्याच देशांनी मान्य केला आणि अमेरिका, रशिया, चीन बाहेरच. वेगळे खाने करा.

उत्तर २:
भूस्थिर कक्षा, म्हणजे जिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी थांबलेला दिसतो ती, विसरू नका! ३५,७८६ किमीवरची ती एकच रिंग, जागा मर्यादित, तिथल्या जागा आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीची नोंद आयटीयू, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना, बघतं. म्हणजे मालकी नाही, फक्त वापराचा हक्क. १९७६ मध्ये विषुववृत्तावरच्या काही देशांनी कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, आमच्या डोक्यावरचा तुकडा आमचा असं जाहीर केलं होतं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

प्रश्नकर्ता:
अरे बापरे, मग चंद्रमोहिमांसाठीचा अमेरिकेच्या पुढाकाराचा आर्टेमिस करार कुठे बसवू?

उत्तर १:
तो बंधनकारक नाहीच, सॉफ्ट लॉ (पाळायची अपेक्षा, पण कायदेशीर सक्ती नाही) म्हणून बाजूला ठेवा. मी तर करारांऐवजी कक्षा, फ्रिक्वेन्सी, खनिजं असे खाने केले असते, कारण एकच करार दोन-तीन ठिकाणी लागतो.