टिंगमो वरून ओला, आतून दगड

नमस्कार मंडळी,
टोरोंटोच्या पार्कडेलला क्वीन स्ट्रीटवर टिंगमो (वाफवलेला, पदरांचा तिबेटी पाव) खाल्ला तेव्हापासून घरी तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा वरून चिकट, आतून दगड, आणि पदर सुटतच नाहीत. लेहच्या एका बाईंचा व्हिडिओ बघून अर्धा तास वाफवला. यीस्ट ताजं आहे. पोरगा विचारतो, "आई, ही इडली फसली का?"
— मिसिसागाच्या वहिनी

वहिनी,
झाकणाला फडकं बांधलं होतंत का? मोदक करताना तुम्ही विसरत नाही! झाकणाचं पाणी टपटपलं की वरचा भाग चिकट झालाच.

आमचं गाव गोंदियाकडचं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला 1972 पासून तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. थंडीत नागपूरला स्वेटर विकायला बसतात ती ही मंडळी. तिथल्या एका आजींच्या ओट्यावर बसून शिकलो, म्हणून एवढी शेखी.

तीन वाट्या मैदा, चमचाभर यीस्ट, साधारण वाटीभर कोमट पाणी. दुप्पट फुगू द्या. मग पोळी लाटून तेलाचा हात फिरवा (इथे कंजुषी केलीत की पदर गेले), अळूवडीसारखी वळकटी करा, कापा आणि प्रत्येक तुकडा पिळून गाठ मारा. आणि हे महत्त्वाचं: गाठी झाल्यावर पुन्हा वीस मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी गाळली की दगड.

अर्ध्या तासाचं म्हणाल तर लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे पाणी 88-89 अंशांनाच उकळतं, वाफही तेवढीच गरम. आपल्याकडे पंधरा मिनिटं पुष्कळ. गॅस बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका, बसतात.
— गोंदियाकर काका

काका, हा तर चिन्यांचा ह्वाच्युआन! तिबेटी कुठला? त्यांचं खाणं म्हणजे सातूचं भाजलेलं पीठ, त्साम्पा.
— स्कारबरोचा एक शंकेखोर

शंकेखोरा, भावंडं आहेत रे. त्साम्पा रोजचा, टिंगमो रश्शाबरोबरचा. आमच्या आजी तो बटाटा-फिंगच्या (फिंग म्हणजे काचेसारख्या पारदर्शक शेवया) रश्शात बुडवायच्या, वर लाल मिरचीचं सेपेन. मी सावजी रश्शात बुडवतो. आजींना सांगू नका.
— काका

काका, फडकं बांधलं, दुसऱ्यांदा फुगवलं. पदर सुटले! पण सेपेनला मिरची कुठली? बेडगीनं रंगच आला, झणका नाही.
— वहिनी