चालकाविना गाडी आणि द्वारका चौक
(टोपणनावांनी लिहिणाऱ्या नाशिककरांची चर्चा)

गंगापूर रोड : अमेरिकेत फिनिक्सला मुलीकडे गेलो असताना वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीतून फिरलो. पुढचे आसन रिकामे आणि स्टिअरिंग आपोआप वळत होते. तिथे २०२० पासून ही सोय सर्वसामान्यांना खुली आहे. आपल्याकडे मात्र विषय निघताच लोक हसण्यावारी नेतात. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण दगावले. त्या गाड्या यंत्रे चालवत होती काय?

सिन्नर फाटा : राहवले नाही म्हणून सविस्तर लिहितो. फिनिक्सचे रस्ते रुंद आणि आखीव आहेत. आपण सायंकाळी साडेसहाला द्वारका चौकात उभे राहावे, म्हणजे मागचा दिवा नसलेला द्राक्षांचा ट्रॅक्टर आणि उलट दिशेने येणारी रिक्षा एकाच वेळी पाहायला मिळेल. माझ्या गाडीला आपोआप ब्रेक लागण्याची सोय आहे. आडगाव नाक्याजवळ एक दुचाकीस्वार आडवा घुसला, गाडीने करकचून ब्रेक लावला आणि मागून पिकअप धडकली. ब्रेक मी मारलाच नव्हता, हे पिकअपवाल्याला पटवण्यात पाऊण तास गेला आणि डिकीचे अठरा हजार माझ्याच माथी आले.

गंगापूर रोड : म्हणजे दुचाकीस्वार वाचला आणि अंतर न राखणारा माणूस चुकला. साक्ष आपण माझ्याच बाजूने दिलीत, आभारी आहे.

सिन्नर फाटा : उपहास राहू द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या वाहनाने उडवलेल्या महिलेला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीने फरफटत नेले, तेही आपल्या मुलीने कळवले असेलच.

घाटवाला : बावीस वर्षे नाशिक-मुंबई टॅक्सी चालवतो. कसाऱ्यात धुके उतरले की पुढच्या ट्रकची चाल पाहूनच तो कुठे थांबणार हे कळते. चालकांचा रोजगार जाईल म्हणून गडकरींनी २०२३ मध्ये या गाड्यांना नकार दिला, तो योग्यच होता.

कॉलेज रोड : भाऊ, रोजगाराचे मान्य, पण शिर्डीहून परतताना आमच्या चालकाचे डोळे मिटत होते. सिन्नरपर्यंत मी त्याला त्याच्या मुलांची नावे, शाळा, इयत्ता विचारत जागे ठेवले. मागे सासूबाई निर्धास्त घोरत होत्या. त्या रात्री मला यंत्र चालले असते.

घाटवाला : ताई, झोप का येते तेही विचारायचे होते! पहाटे विमानतळ, दुपारी परत आणि रात्री पुन्हा शिर्डी, अशी जुंपणी मालक करतात. नकार दिला की दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. चालकाला झोपू द्यायचे नाही आणि मग तो झोपतो म्हणून यंत्र आणायचे, हा कुठला न्याय?

कॉलेज रोड : मालकाचा राग माझ्यावर काढू नका. जीव आमचाही जातो.

घाटवाला : आधी आमचा जातो, ताई. आम्ही पुढे बसतो.

गंगापूर रोड : मूळ मुद्दा कुठे गेला? बरे, द्वारका चौक आपल्याला लखलाभ असो. निदान समृद्धी महामार्गावर, जिथे ट्रॅक्टरला बंदी आहे, तिथे तरी यंत्राला संधी द्या.

सिन्नर फाटा : समृद्धीवर द्या. मात्र घोटीला उतरताना स्टिअरिंग माणसाच्या हाती हवे.

कॉलेज रोड : घाटवाले भाऊ, शनिवारी पुन्हा शिर्डीला जायचे आहे. शुक्रवारी रात्री फेरी नसेल तरच कळवावे.