व्हेंडरला 'पार्टनर' म्हटलं म्हणून जॉइंट व्हेंचर होत नाही

प्रेसवाला, सातपूर
काल एकाने इथे लिहिलं की जॉइंट व्हेंचर आणि जुना व्हेंडर (माल पुरवणारा) यांत फरक फक्त कागदाचा. दहा वर्षं माल दिलात की तुम्ही कंपनीचे भागीदारच. वाचून डोकंच फिरलं. बावीस वर्षं पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं प्रेस शॉप चालवतोय. भागीदार असतो तर पत्रा महागला तेव्हा निम्मा भार समोरच्याने उचलला असता. माझ्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) उलट दरवर्षी रेट उतरवायची अट आहे. नफ्यात माझा वाटा नाही, पण त्यांची विक्री घसरली की मागणीचं शेड्यूल माझंच कापलं जातं.

जॉइंट व्हेंचरमध्ये दोघं भांडवल घालतात, बोर्डावर दोघांची माणसं बसतात. आपल्या नाशिकचंच बघा. महिंद्र आणि रेनो, 51 आणि 49 टक्के. 2007 ला लोगान गाडी इथेच बनायला लागली. अपेक्षेइतकी खपली नाही, तेव्हा 2010 मध्ये महिंद्रने रेनोचा हिस्सा विकत घेतला, म्हणजे बसून हिशेब करून वेगळे झाले. मला काढायला एक मेल पुरतो.

खरेदीवाला, अंबड
दादा, दुसरी बाजूही लिहा. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) कंपनीच्या पैशाने बनते. रिजेक्शन वाढलं की आमचा क्वालिटीचा माणूस आठवडाभर तुमच्या शॉपमध्ये उभा असतो. याला नुसती खरेदी म्हणायचं? आणि 49 टक्केवाला तरी कुठला मालक? 51 वाला म्हणेल तेच होतं.

सीए, नाशिकरोड
हे साफ चूक. विशेष ठरावाला 75 टक्के मतं लागतात. 26 टक्के हातात असले तरी कंपनीच्या घटनेतला (नियमावलीतला) बदल अडवता येतो. हीरो आणि होंडा 1984 पासून 26-26 टक्क्यांवर होते; 2010 मध्ये वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा होंडाचा हिस्सा हीरोच्या प्रवर्तकांना विकत घ्यावा लागला. व्हेंडरच्या हातात असं विकण्यासारखं काहीच नसतं. त्याच्याकडे फक्त येणं असतं, आणि त्यासाठी लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत देण्याचा कायदा आहे.

प्रेसवाला, सातपूर
45 दिवसांचं नावच काढू नका! टेम्पो गेटवर दोन दिवस उभा. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, दहा दिवसांनी. मग त्या तारखेपासून 90 दिवस मोजायचे. कुठले 45?

सीए, नाशिकरोड
जीआरएनची तारीख कायद्याला लागत नाही. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा. उशिराला बँक रेटच्या (रिझर्व्ह बँकेच्या दराच्या) तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. शिवाय 2023-24 च्या आयकराच्या हिशेबापासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. माल देणाऱ्याची सरकारकडची उद्यम नोंदणी मात्र हवी, आणि सूक्ष्म किंवा लघु गटात.

प्रेसवाला, सातपूर
व्याज एकदाच मागितलं. पुढच्या महिन्यात दोन पार्ट दुसऱ्याकडे गेले. रेनोला बोर्डात बसून विरोध करता येत होता. मी तोंड उघडलं की काम जातं. फरक विचारत होतात ना, हा आहे.

बागाईतदार, पिंपळगाव
आमचंही तेच. एक्स्पोर्टवाल्याने द्राक्षांच्या छाटणीच्या वेळी एक भाव सांगितला, काढणीला म्हणाला मणी 16 एमएमच्या खाली आहेत. ऐन काढणीत माल घेऊन कुठे जाणार? आता शेतकरी गटाच्या कंपनीत शेअर घेतलाय. भाव तिथेही पडतो, पण सभेत उठून हिशेब मागता येतो. गेल्या वर्षी मी मागितला, आणि तो द्यावा लागला.

खरेदीवाला, अंबड
द्राक्षं कुठून आली मध्येच? आणि तुम्हा सगळ्यांना खरेदीवाला चोरच वाटतो का? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नऊ व्हेंडरांची बिलं सुटावीत म्हणून मी फायनान्सशी भांडलोय. त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

प्रेसवाला, सातपूर
भांडलात ते चांगलंच केलंत. पण तुम्ही भांडलात म्हणून पैसे मिळाले, याचाच अर्थ मला हक्क नव्हता. डायचं सांगतो. दर चार महिन्यांनी पंच (डायचा पत्रा कापणारा भाग) ग्राइंड केला, स्प्रिंगा बदलल्या, सगळं माझ्या खर्चाने. एका सकाळी टेम्पो आला, डायवर त्यांच्या नावाची पट्टी होतीच, साडेअकरापर्यंत डाय गेली. रॅकखाली तेलाचा चौकोन अजून आहे.

खरेदीवाला, अंबड
डाय कंपनीची, ती न्यायचा हक्क कंपनीचाच. यावर मी हटणार नाही. देखभालीचा खर्च पीओत वेगळा धरायला हवा होता, हे मान्य. आणि व्हेंडर मीटच्या बॅनरवर आम्ही 'पार्टनर' लिहितो, तेही चूक. बस, इतकंच मानतो.

प्रेसवाला, सातपूर
बॅनर राहू द्या. देखभालीची ओळ पुढच्या पीओत टाका.