मदत हवी आहे: आठव्या महिन्यात डिलिव्हरी नको म्हणून सासूबाई अडून बसल्यात, ग्रंथात नक्की काय लिहिलंय?

मला ३१वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण, राहायला कोथरूडला. महिनाभर बीपी वर जातंय, गोळ्या चालू आहेत, परवा डॉक्टर म्हणाल्या आटोक्यात नाही राहिलं तर ३४व्या आठवड्याच्या आसपास सिझर करावं लागेल, बाळाच्या फुप्फुसांसाठी आधी इंजेक्शनं देऊ. मी कसंबसं मन घट्ट केलं पण घरी सांगितल्यावर आईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, काहीही कर पण नववा लागू दे.

त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांचे वडील सदाशिव पेठेत वैद्य होते, त्यांची सुश्रुतसंहिता, आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, अजून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असते. संध्याकाळी ती काढून शारीरस्थानाचा ३रा अध्याय माझ्यापुढे ठेवला. पहिल्या महिन्यात कलल म्हणजे बुळबुळीत गर्भ, दुसऱ्यात घन म्हणजे घट्ट गोळा, तिसऱ्यात हात-पाय-डोक्याचे पाच पिंड, चौथ्यात हृदय स्पष्ट होतं आणि बाई दोन हृदयांची होते म्हणून दौहृद, म्हणजे आपले डोहाळे. पाचव्यात मन, सहाव्यात बुद्धी. सोनोग्राफी नसताना हे सगळं लिहिलंय, मी खरंच भारावून वाचत होते आणि मग आठव्याची ओळ आली, तिच्याखाली आजोबांनी शिसपेन्सिलने रेघ मारलेली. ओज, म्हणजे शरीराचं जीवनबळ, स्थिर नसतं, तेव्हा जन्मलेलं मूल जगत नाही. आईंचं बोट त्या रेघेवर होतं आणि ते थरथरत होतं. मला पुढे काही बोलताच आलं नाही.

कुणी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टर असेल तर प्लीज सांगा, चरकसंहिता या दुसऱ्या ग्रंथातही असंच आहे का? डॉक्टरांचं ऐकायचं हे माझं ठरलंय, पण आईंना न दुखावता सांगायचं कसं? मोबाइलवरचं दाखवून उपयोग नाही, त्यांना ग्रंथातलंच पटेल.

प्रतिसाद:
ताई, मी बीएएमएस, पुण्यातच प्रॅक्टिस करते. सुश्रुतातली ओळ खरी आहे, ती नाकारायला जाऊ नका. त्यांना चरकाच्या शारीरस्थानाचा ४था अध्याय दाखवा. आठव्यात ओज आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे जात-येत राहतं, म्हणून आई घडीत आनंदी घडीत कोमेजलेली, असं तिथेही आहे. पण कारण दिलंय 'गर्भस्यासम्पूर्णत्वात्', गर्भ अजून पुरा झालेला नसतो म्हणून, आणि तेव्हाच्या जन्माला शब्द वापरलाय 'व्यापत्तिमत्', म्हणजे धोक्याचा. जगतच नाही असं चरक म्हणत नाही. हे जे अपुरं राहिलेलं असतं त्यासाठीच तर आज ती इंजेक्शनं आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. आयुर्वेदाचे आणखी एक ग्रंथकार वाग्भट, त्यांनी सातव्यात गर्भ सर्वांगसंपूर्ण म्हटलाय, सातव्याची समजूत बहुतेक तिथूनच आली असावी, पण फुप्फुसं ३० आठवड्यांपेक्षा ३४ला जास्त तयार असतात हे आईंना नक्की सांगा. आणि डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं तर अर्ध्या रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद:
मनापासून थँक्यू. घडीत आनंदी घडीत कोमेजलेली हे वाचून रडूच आलं, आठ दिवस माझं अगदी तेच चाललंय. चरक आमच्याकडे नाहीये, नवरा उद्या अप्पा बळवंत चौकात बघून येतो म्हणालाय. आणि पुढच्या व्हिजिटला आईंना सोबतच नेते, एनआयसीयू लांबून तरी बघू देतात का ते विचारते.